मामांचा डावा पाय

जगात माणसांचे दोनच प्रकार, असं मामांचं ठाम मत होतं. एक ज्यांना क्लच कळतो ते, आणि दुसरा म्हणजे उरलेला सगळा कचरा. पहिल्या प्रकारात मामा स्वतः होते. आणखी कोणी आहे का, याचा शोध ते वीसेक वर्षं घेत होते, पण त्यांच्या नजरेत भरेल असं अजून कोणी सापडलं नव्हतं.

मामा म्हणजे दातांच्या डॉक्टरांचे ड्रायव्हर. नात्यानं ते तिथे कोणाचेच मामा नव्हते, पण डॉक्टरांपासून कंपाउंडरपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. जुनी डिझेल गाडी डॉक्टरांची होती ती फक्त कागदोपत्री. चावी मामांच्या कमरेला. कुठल्या रस्त्यानं जायचं, काच किती खाली करायची, एसी लावायचा की घाम पुसत बसायचं, हे सगळं मामा ठरवणार. डॉक्टरांना ते साहेब म्हणत, पण मनातून त्यांची किंमत शून्य. हा माणूस बॉनेट उघडलं की पेशंटच्या तोंडात वाकावं तसा आत वाकायचा, "हं, हं" करायचा आणि सरळ व्हायचा. कळत मात्र ओ की ठो नाही!

आणि डॉक्टरांच्या बायको, म्हणजे बाई? त्यांचं तर विचारूच नका. बाईंची आई गावाबाहेरच्या टेकडीवर एकटी राहायची, दुसऱ्या मजल्यावर. तिला भेटायला जायचं म्हटलं की बाईंना आधी मामांची मर्जी सांभाळावी लागे. "आज नको बाई, टायरची हवा बघायचीय." "आज नको, चढावर इंजिन तापतंय." एवढं करून न्यायचं ठरलंच, तर बाई आईशेजारी टेकतात न टेकतात तोच खालून हॉर्न. पों! लगेच पुन्हा पों! बाई अर्धा चहा तसाच टाकून जिना उतरायच्या. मालकीण म्हणे!

शेवटी ती जुनी गाडी धूर ओकायला लागली. एका सकाळी डॉक्टर नाश्ता करता करता म्हणाले, "नवीच घेऊन टाकू. डिझेलच घेऊ, पण या वेळी ऑटोमॅटिक. गिअरची कटकट नाही, क्लचची नाही. हीसुद्धा चालवेल."

दारात चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या मामांना ठसकाच लागला. हीसुद्धा चालवेल! दवाखाना घराच्या मागच्या गल्लीत, डॉक्टर तिथे चालत जायचे. गाडी लागायची ती बाईंनाच. बाई चालवायला लागल्या की मामांना ठेवून करायचं काय, लोणचं? आणि या वयात, डोक्यावर एक काळा केस उरला नसताना, दुसरं कोण नोकरीला ठेवणार होतं?

घरी मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "अहो, घेऊ द्या की त्यांना हवी ती," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही आराम."

"ती गाडी आहे का? पाळणा आहे तो! बसायचं आणि झुलायचं. शेंबडं पोरही चालवेल."

"मग तुम्हाला कशाला ठेवतील?"

"तेच तर म्हणतोय मी!"

"असं होय! म्हणजे काळजी गाडीची नाही, स्वतःची आहे," मामी म्हणाल्या आणि त्यांनी उशीचा अभ्रा फाडकन झटकला. मामा उठून गॅलरीत गेले. खरं बोलणाऱ्या माणसाशेजारी त्यांना कधीच बसवत नसे.

शोरूमला जाताना मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तिथे टाय लावलेला एक विक्रेता पुढे आला आणि ऑटोमॅटिकचं गुणगान करू लागला. मामांनी त्याला चार वाक्यंसुद्धा धड बोलू दिली नाहीत.

"गर्दीत पाय दुखत नाही म्हणता? आमचे दुखत नाहीत. मायलेजचं बोला. 'फारसा फरक नाही' म्हणजे किती? आणि हा गिअरबॉक्स बिघडला तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक उघडेल का? उतारावर गाडी इंजिनानं आवरायची असते, ती कोण आवरणार, तुमचा टाय?"

यातलं काही खरं होतं, काही जुनं झालं होतं, आणि सगळंच स्वतःसाठी होतं. डॉक्टर "हं, हं" करत होते. विक्रेत्यानं मग गोड हसून चावी पुढे केली. "मामा, एकदा चालवून तर बघा."

मामा स्टिअरिंगवर बसले, शेजारी डॉक्टर, मागे बाई आणि विक्रेता. गाडी लोण्यासारखी निघाली. मामांना मनातून ती आवडली, आणि त्याचाच त्यांना राग आला. वळण जवळ आलं. जन्माची सवय! मामांचा डावा पाय आपला आपण उचलला गेला आणि क्लच असायचा तिथे त्यानं दणकून दाबलं. तिथे होता रुंदच्या रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी खिळली. डॉक्टरांचा चष्मा काचेवर आपटला, विक्रेता पुढच्या सीटला जाऊन धडकला, मागच्या गाडीवाल्यानं मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पाय कोणाचा, हे मामांना त्याच क्षणी कळलं होतं. पण कबूल करतील तर ते मामा कसले!

"बघितलंत?" ते कडाडले. "मनात येईल तिथे थांबते! भर रस्त्यात! उद्या बाई एकट्या चालवत असल्या म्हणजे?"

"नाही हो, तो तुमचा पाय..." विक्रेता नाक चोळत म्हणाला.

मामांनी मान वळवून त्याच्याकडे नुसतं बघितलं. "माझा पाय?"

गिऱ्हाईकाशी वाद कोण घालणार! विक्रेत्यानं आपला टाय सरळ केला. डॉक्टर सीटखालून चष्मा शोधत म्हणाले, "नको रे बाबा हे लचांड. मॅन्युअलच घेऊ." बाई दोन सीटच्या मधून खाली, मामांच्या बुटाकडे बघत होत्या.

नवी मॅन्युअल गाडी दारात आली तेव्हा मामांची छाती शर्टात मावेना. "खरा ड्रायव्हर मॅन्युअलवरच तयार होतो, बाई," दार उघडून धरत ते म्हणाले. बोलायची हौस, दुसरं काय!

"हो ना?" बाई म्हणाल्या. "मग मला त्याच्यावरच तयार करा. उद्यापासून शिकवा."

मामांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण ते लगेच सावरले. शिकवायचं आपल्याच हातात आहे म्हटल्यावर भ्यायचं कशाला? आठवड्याभरात बाईंनी चावी फेकून पळ काढला पाहिजे, असा बेत करून त्यांनी पहिल्याच दिवशी गाडी नेली ती टेकडीच्या चढावर. बाईंनी क्लच सोडला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

"अहो बाई, क्लच आहे तो, झुरळ नाही! असा काय तुडवताय?"

बाईंचे डोळे भरून आले. पण त्या उतरल्या नाहीत. "पुन्हा," त्या म्हणाल्या. ही बाई भलतीच चिवट निघाली.

मामांचा बेत बुडवला तो गिअरबॉक्सनं. बाईंनी अर्ध्याच क्लचवर गिअर ओढला की कर्रर्र असा आवाज यायचा आणि मामांच्या जिवाची नुसती लाही व्हायची. नवाकोरा गिअरबॉक्स, आणि त्याचे हे हाल! "थांबा! आधी पाय पूर्ण दाबा. आता टाका. आता हळू सोडा, घाई नको. इंजिनाचा आवाज कुठे जड होतो ते ऐका. आलं ऐकू? तिथेच पाय धरा. तिथेच!" बोलून झाल्यावर मामांनी जीभ चावली. हे त्यांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. पण मग रोजचंच झालं. आज काही म्हणून सांगायचं नाही, असं ठरवून ते घरून निघायचे, आणि गिअर वाजला की सगळं भडाभडा ओकून मोकळे व्हायचे. "स्वतःचीच नोकरी शिकवताय तुम्ही बाईंना," मामी म्हणाल्या. मामा त्यांच्यावरच खेकसले.

बाई गिअर बदलायच्या तेव्हा शेजारी बसलेल्या मामांचा डावा पाय प्रत्येक वेळी खालच्या मॅटवर दाबला जायचा. बाईंना ते दिसायचं.

मग एकदा आईकडे जाताना, ऐन चढावर, पुढचा टेम्पो थांबला. मागे दुसरी गाडी अगदी चिकटून उभी. बाईंनी हँडब्रेक ओढला, टेम्पो हलताच क्लच बरोबर त्या जागी आणला, हँडब्रेक सोडला आणि निघाल्या. गाडी इंचभरही मागे सरकली नाही. मामांनी खाली बघितलं. त्यांचा पाय मॅटवर आरामात पडून होता, दाबलाच गेला नव्हता. बाईंना आता आपली गरज उरली नाही, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

आईच्या घराखाली बाईंनी गाडी बंद केली. "मामा, शोरूमच्या गाडीत त्या दिवशी ब्रेक तुमच्याच डाव्या पायानं लागला ना?"

"ती गाडीच तसली होती," मामा समोर बघत म्हणाले.

बाईंनी हसून चावी काढून घेतली. "मी बसते आईजवळ. आज हॉर्न नको." त्या बऱ्याच वेळानं खाली आल्या. मामांचा हात हॉर्नकडे एकदा गेला होता, पण दाबायची हिंमत काही झाली नाही.

घरी पोचल्यावर डॉक्टरांनी सहज विचारलं, "काय मामा, एकटीला जमेल का हिला आता?"

'अजून नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. डॉक्टर "हं, हं" म्हणाले असते आणि मामांची उरलेली वर्षं सुखात गेली असती. बाई दाराशी उभ्या होत्या, त्याही बोलल्या नसत्या. मामांनी तोंड उघडलंही त्यासाठीच. पण त्या क्लचला वाईट म्हणायचं? मामांनी स्वतः घडवलेल्या क्लचला?

"भर चढावर इंचभर मागे येत नाही त्यांची गाडी," ते चिडून म्हणाले. "मी शिकवलंय. जमेल का, काय विचारता?"

"वा! मग झालं तर," डॉक्टर खुश होऊन म्हणाले. "आता तुम्ही आराम करा, मामा."

मामा फाटकाबाहेर आले. आत बाई गाडी गॅरेजमध्ये घेत होत्या. मामा कान देऊन उभे राहिले. रिव्हर्स पडला, मग पहिला, मग पुन्हा रिव्हर्स. कुठेही कर्र झालं नाही.

"एकदा चुकली असती, तर काय बिघडलं असतं हिचं!" असं म्हणून मामांनी डोळे पुसले आणि ते बसस्टॉपकडे चालू लागले.