हिरव्या पाण्याचा रविवार

त्या रविवारचं हिरवं पाणी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन हजार सतरा साल, नोकरीचा शेवटचा उन्हाळा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आमचं गाव, समोरच्या खाडीतून अमेरिकेची हद्द जाते. माझी शाळा नववीपर्यंत. लाकडाच्या गिरणीत राबलो. बोट चांगली हाकायचो, म्हणून गावच्या पोलिसांनी गस्तीच्या बोटीवर घेतलं.

उन्हाळा लागला आणि किनाऱ्याला मैलापाणी लागायला लागलं. बीच बंद. ठाण्यात तक्रारींचं रजिस्टर उघडायचं आणि एकच शेरा मारायचा, घाण पलीकडच्या गावाची. साहेबांनी तिकडं पत्रं धाडली. तिकडूनही तशीच पत्रं आली, घाण तुमची म्हणून.

खबर घरातूनच मिळाली. आमची ही साठीत पोहायला शिकली होती. पाण्यात आत एक लाकडी तराफा नांगरलेला असतो, तिथवर आपल्या हातापायांनी जायचं, एवढा एकच हट्ट. सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणजे हाच उन्हाळा हातात. बीच बंद, तरी रोज काठावर जाऊन बसायची. एकदा म्हणाली, "वास रविवारीच येतो. पलीकडचे लोक काय रविवारीच जातात?"

"तू गप गं," म्हणालो. पण डोकं चालू झालं. शनिवार-रविवार म्हणजे हौशी बोटी.

पलीकडच्या अधिकाऱ्याला फोन लावला. दोघांनी ठरवलं, सुटणाऱ्या प्रत्येक बोटीच्या संडासाच्या टाकीत रंगाची गोळी टाकायची. त्यांची लाल, आमची हिरवी. रविवारी भरती आली आणि आमचा किनारा पोपटी झाला. पलीकडचा फोनवर पोट धरून हसला. त्याचा किनारा लाल झाला होता, हे मात्र त्यानं संध्याकाळी सांगितलं.

धक्क्यावर टाकी उपसायचा पंप असतो, त्याच्या नोंदी काढल्या. आठ बोटवाल्यांची नोंद नव्हती. त्यात पहिले आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, रिटायर्ड इंजिनीअर. जबाबाला बायकोला घेऊन आले.

"अध्यक्षसाहेब, टाकी कुठं रिकामी केली?"

"आपल्या पाण्यात थेंब नाही सोडला हो. जीपीएस बघून, लाईन क्रॉस करून मगच व्हॉल्व्ह उघडला."

"आणि भरती कुणाकडं येते?"

बायकोच बोलली, "केर शेजाऱ्याच्या दारात लोटायची सवय यांची. बोट घेतली म्हणून जाते काय?"

मला हसू आवरेना. पण गुन्हे दाखल केले, आठही जणांवर. पलीकडंही झाले. मंडळातले काही जण माझ्याशी बोलेनासे झाले. माझं काही अडलं नाही.

ऑगस्टात पाण्याचा रिपोर्ट चांगला आला. ही पंजाबी ड्रेसवरच टोपी घालून उतरली. मी गस्तीची बोट घेऊन मागं. ओरडली, "लांब राहा, लाटा नका करू." तराफ्याला हात लावला, वर चढली, पाय सोडून बसली. उतरायलाच तयार नाही. शेवटी ड्युटी संपल्यावर मीही बूट काढून शेजारी बसलो.

ती जाऊन दोन वर्षं झाली. घर खायला उठतं, पण तो दिवस आठवला की हसायलाच येतं. रेघेच्या पलीकडं केलेलं पाप माणसाला पाप वाटत नाही, हे त्या केसनं शिकवलं. खबऱ्याचं नाव कागदावर घ्यायचं नसतं, म्हणून माझ्या रिपोर्टात 'गुप्त खबर' एवढंच आहे. आता नोकरी नाही. लिहून टाकतो, खबर माझ्या बायकोची होती.