पुठ्ठ्याचं घड्याळ

मास्तरांचा उजवा पाय त्यांच्या स्वतःच्या मालकीचा नाही, असं त्यांची बायको म्हणायची. त्यात तिची काही चूक नव्हती. मास्तरांनी उभं आयुष्य शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसून काढलं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, आणि शिकणाऱ्याच्या आधी आपला पाय त्यावर पडला नाही तर काय होतं ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तो पाय कुठेही दाबला जायचा. बसमध्ये, रिक्षात, टीव्हीवर गाड्या सुसाट पळायला लागल्या की घरच्या खुर्चीतसुद्धा. जावयाने नवी गाडी घेऊन पहिल्यांदा फिरवून आणलं, तेव्हा मास्तर उतरले आणि त्यांच्या पायाखालचं मॅट पार पुढे जाऊन गोळा झालं होतं. जावयाने ते वाकून सरळ केलं.

माणूस नाकासमोर चालणारा. भल्या पहाटे रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल दिव्याला थांबणार आणि वर शेजारच्याला त्याचं कारणही सांगणार. ‘आजवर माझी एक पावती फाटलेली नाही,’ हे वाक्य तर त्यांनी इतक्या वेळा ऐकवलेलं होतं, की त्यांनी सुरुवात केली की घरातलं कुणीतरी ते पुरं करायचं. मास्तर चिडायचे नाहीत. नियमाची थट्टा झाली तरी नियम पाळला गेला, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

त्यांचा धाकटा भाऊ याच्या अगदी उलट. त्यालाही गाडी मास्तरांनीच शिकवली. पहिल्याच दिवशी त्याने ती किराणा दुकानाच्या पायऱ्यांवर चढवली आणि उतरून हसत उभा राहिला. पुढे तो परदेशात गेला आणि एका फर्निचरच्या दुकानाची व्हॅन चालवायला लागला. लोकांच्या दारात कपाटं, पलंग, सोफे पोचवायचे हे काम. तिथे लग्न केलं, ते टिकलं नाही. मूलबाळ नव्हतं. टिकल्या त्या दंडाच्या पावत्या. जिथे म्हणून गाडी लावायला बंदी असेल तिथे हा गाडी लावणार. फोनवर तो हौसेने सांगायचा, आज पुन्हा फाटली, आणि मास्तर मग अर्धा तास त्याची शाळा घ्यायचे. “दादा, सोफा काय खांद्यावर टाकून दोन गल्ल्या चालत जाऊ?” असं त्याने एकदा विचारलं होतं. मास्तरांनी आवाज चढवला.

दरवर्षी तो बोलवायचा आणि दरवर्षी मास्तर म्हणायचे, लायसन्सच्या परीक्षांची गर्दी ओसरली की येतो. ती कधी ओसरली नाही. मग एके दिवशी त्याचा फोन आला तो हॉस्पिटलमधून. यकृताचा आजार, तोही उशिरा कळलेला. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे सगळं त्याने असं सांगितलं, की जणू पत्ता चुकल्यामुळे एखादं कपाट परत आणावं लागलं. फोन ठेवताना मात्र तो म्हणाला, “दादा, आता ये.”

मास्तरांच्या मुलीने चार दिवस झोप घेतली नाही. तिकीट, व्हिसा, सगळं तिनेच धावपळ करून जमवलं. धाकट्याचं घर गावाबाहेर आणि हॉस्पिटल शहरात, बस मोजक्याच, म्हणून तिने विमानतळावरून भाड्याची गाडीही ठरवून ठेवली. विमान उतरताना मास्तरांचा पाय इतका दाबला गेला, की शेजारच्या बाईंनी त्यांना बरं वाटतंय ना, असं विचारलं.

धाकटा उशांमध्ये बुडून गेला होता. चेहऱ्याचा रंग गेलेला, हात काड्यांसारखे. मास्तरांना बघून तो हसला, आणि त्या हसण्यावरून तेवढी त्याची ओळख पटली. मास्तरांना रडू आवरेना. त्यानेच मास्तरांना बसायला सांगितलं, पाणी घे म्हणाला, गाडी कशी आहे ते विचारलं.

लहानपणी दोघे भाऊ एकाच गादीवर झोपायचे. धाकट्याला अंधाराची भीती. दादाने पाठीवर हात ठेवला तरच त्याला झोप यायची. झोपला असं समजून मास्तर हळूच हात काढायचे, की हा टक्क जागा. मग पुन्हा हात. कितीतरी रात्री मास्तरांच्या हाताला मुंग्या यायच्या आणि ते मनात चरफडायचे. ती गोष्ट दोघांनाही आठवत होती, पण काढली धाकट्यानेच.

“मला एकट्याने जायचं नाहीये,” तो म्हणाला. “माझं एवढंच मागणं आहे. या खेपेला हात काढू नकोस.”

मास्तरांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि शब्द दिला. त्या घडीला तो शब्द पाळणं त्यांना जगातली सगळ्यात सोपी गोष्ट वाटली. बसून राहायचं, एवढंच तर होतं.

आता गाडीचं. हॉस्पिटलचं पार्किंग कायम भरलेलं. बाजूच्या रस्त्यावर गाडी लावता यायची, पण दोनच तास. त्यासाठी भाड्याच्या गाडीत एक पुठ्ठ्याचं घड्याळ दिलेलं होतं. आपण आलो ती वेळ त्यावर लावायची आणि ते पुढच्या काचेत ठेवायचं. म्हणजे तपासणाऱ्याला कळतं, ही गाडी इथे केव्हापासून आहे. मास्तरांना ही पद्धत भलतीच आवडली. माणसाच्या शब्दावर चालणारा कारभार, म्हणाले. दोन तास होत आले की ते खाली जायचे, घड्याळाचा काटा पुढे सरकवायचे आणि नव्याने दोन तास मिळाले असं मानून वर यायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांचा हा परिपाठ चाले. नर्स त्यांना बघून हसायच्या.

धाकटाही हसला, आणि मग म्हणाला, “दादा, नुसता काटा फिरवून चालत नाही. गाडी तिथून हलवावी लागते. मला विचार, निम्मा पगार मी या रस्त्यांना दिलाय. येऊ दे दंड. मी भरतो. तू बस.”

मास्तरांच्या आत बसलेला मास्तर जागा झाला. ज्याने गाडी दुकानाच्या पायऱ्यांवर चढवली, तो यांना पार्किंग शिकवणार. “गाडीचं मला शिकवू नकोस,” ते म्हणाले. रागाने नाही, कौतुकानेच म्हणाले. वर गालावर एक टिचकीही मारली. धाकट्याने डोळे मिटले आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. शेवटच्या दिवशी दुपारी श्वास थांबून थांबून यायला लागला. नर्सने मास्तरांना खूण केली, आता जवळच राहा. ते जवळच होते. हातावर हात होता. आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दोन तास संपत आले होते. मास्तरांचा जीव तिळतिळ तुटत होता आणि तरीही डोळे त्या घड्याळाकडे जात होते. गाडी उचलून नेली तर? मुलीच्या कार्डावर घेतलेली गाडी. परक्या देशात कुणाला काय विचारायचं? खाली जाऊन यायला कितीसा वेळ लागतो, रोज तर जातो. श्वास चालू होता. त्यांनी त्याच्या कानाशी वाकून “आलोच” असं सांगितलं आणि हात काढला.

काटा फिरवला, काचेत नीट दिसतोय ना ते बाहेरून पाहिलं, आणि ते परत फिरले. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती म्हणून जिन्याने धापा टाकत आले. खोलीच्या दाराशी नर्स उभी होती. ती काही बोलायच्या आधीच त्यांना कळलं.

घरी परतल्यावर मास्तरांनी कुणापासून काही लपवलं नाही. जो भेटायला येईल त्याला ते सगळं सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, काय करणार, नियमच तसा होता, जावंच लागलं. ऐकणारा मान हलवायचा. खरंच आहे, मास्तर, तुमचा काय दोष. बायको म्हणायची, त्याच्या नशिबात नव्हतं. एवढ्या एका वाक्याला धरून मास्तर दिवस काढत होते. जावंच लागलं. पुन्हा शिकवायला जाऊ लागले, पुन्हा शेजारी बसून ओरडू लागले. कधी शांत बसले असताना स्वतःच्याच उजव्या हाताकडे बघत राहायचे, तेवढंच.

काही महिन्यांनी मुलीच्या कार्डावरून थोडे पैसे कापले गेले. गाडीच्या कंपनीने मास्तरांचा नाव-पत्ता तिकडच्या नगरपालिकेला कळवला आणि कळवण्याची मजुरी घेतली होती. मुलगी वैतागली. पाठोपाठ टपालाने दंडाच्या नोटिसा आल्या. एक नाही, हॉस्पिटलमध्ये काढलेल्या जवळजवळ प्रत्येक दिवसाची एक. मास्तर म्हणाले, काहीतरी घोटाळा आहे, मी तर एकदाही वेळ चुकवली नाही. मुलीने फोनवर भाषांतर करून एकेक ओळ वाचली. मग ती थांबली आणि तिने ती ओळ दुसऱ्यांदा वाचून दाखवली.

त्यात लिहिलं होतं, की तपासणाऱ्याने चाकांवरचं हवा भरायचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते सकाळी टिपून ठेवलं होतं. संध्याकाळी ते तिथेच होतं. काचेतली वेळ बदललेली, गाडी मात्र जागची हललेली नाही. वेळ संपल्यावर गाडी दुसरीकडे न्यायची असते, काटा पुढे सरकवणं हाच गुन्हा.

मास्तरांना दुसऱ्यांदा वाचून दाखवायची गरज नव्हती. चाक फिरलं की हवेचं तोंड जागा बदलतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांनी नोटिसा हातात घेतल्या आणि शेवटच्या दिवसाची शोधून काढली. तीही त्यात होतीच, बाकीच्यांसारखीच, तेवढ्याच रकमेची. खाली गेले नसते तरी तीच आली असती.

मुलगी आता घाईवर आली होती. तक्रार करायला अजून मुदत आहे, म्हणाली. काकांचे हॉस्पिटलचे कागद जोडू, मृत्यूचा दाखला जोडू. माणसंच आहेत तीही, माफ करतील. तिने लॅपटॉप उघडला, नगरपालिकेच्या पानावर नोटिशीचा नंबर घातला. खाली कारण लिहायला एक चौकट होती. तिने लिहायला सुरुवातही केली, की माझे वडील परदेशातून आले होते, त्यांना हा नियम कुणी सांगितला नव्हता.

“ते खोड,” मास्तर म्हणाले.

“का? खरंच तर आहे.”

“मला सांगितलं होतं.” मग शेवटच्या दिवसाची नोटीस पुढे सरकवत ते म्हणाले, “त्याने सांगितलं होतं. म्हणाला होता, येऊ दे दंड, तू बस.”

मुलीची बोटं थबकली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. इतके महिने ती जावंच लागलं, जावंच लागलं असं ऐकत आली होती. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

“भरून टाक,” ते म्हणाले. “बरोबर आहे तो दंड.”

मुलीने ती ओळ खोडली आणि एकामागून एक सगळ्या नोटिसांचे पैसे भरले. शेवटची भरताना तिचं पेन घरंगळत खाली गेलं. ते घ्यायला ती टेबलाखाली वाकली, तर मास्तरांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता, टाच उचललेली, चवड्यावर सगळा भार. पैसे भरल्याची पावती आली. मुलगी “बाबा” म्हणाली, मग पुन्हा एकदा “बाबा” म्हणाली. तो पाय त्यांनी उचलला नाही.