द्वारकाकाकूंचा अंगठा

तुमच्या नावाने परस्पर दुसऱ्यानेच मत दिलं, तर तुम्ही त्याला जेवायला वाढाल का? आमच्या द्वारकाकाकूंनी वाढलं. पण आधी ताटकळत ठेवून.

दिराने काशीयात्रेला आणून इथेच सोडलेल्या या विधवा काकू भोसले घाटाजवळ सोवळ्यात स्वयंपाक करतात. विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत वाटा देणारं बिल दिल्लीच्या कायदेमंडळात आलं. त्याविरुद्ध सभा भरवणाऱ्या शास्त्र्यांना जेवायला मात्र काकूंच्याच हातचं हवं, दुसऱ्या कुणाचं चालत नाही! निषेधाच्या कागदावर काकूंचंही नाव लिहून ठेवलेलं, अंगठा तेवढा बाकी.

पानं मांडली. काकू भाताचं पातेलं धरून उभ्याच. "आधी कागद वाचा."

"काकू, भूक लागली हो," वेणीमाधवशास्त्री कळवळले.

"दिराने घर बळकावलं तेव्हापासून मीही भुकेलीच आहे. वाचा!"

शास्त्री कागद वाचू लागले, "आम्हा विधवांना वाटा नको..."

"नको असं मी कधी म्हटलं? खोडा माझं नाव."

नाव खोडलं. मग काकूंनी तूप जास्तच वाढलं. "जेवा हो, माझ्याशी भांडायला जोर हवा."

तो अंगठा आता बिलाच्या बाजूने काढलेल्या माझ्या अर्जावर आहे. तुमच्या घरातल्या विधवेला हा अर्ज वाचून दाखवा, आणि ती हो म्हणाली तरच अंगठा घ्या.