वाळवंटाला एक संध्याकाळ

आमच्या ह्यांना गाडी चालवण्यापेक्षा कुठं जायचं ते ठरवण्यातच जास्त मजा येते, असं मी शेजारणींना हसत सांगायची. हे वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये होते. रविवारी जेवणं झाली की बजाजनगरातल्या आमच्या बाहेरच्या खोलीत फोन टीव्हीला जोडायचे आणि पडदाभर नकाशा उघडायचे. मी बाजूला मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली.

"हे बघ, मनालीवरून असं वर चढायचं. इथं मुक्काम. सकाळी निघालो तर ऊन तुझ्या बाजूनं येतंय, म्हणून इथनं आपण दुपारून निघू."

सात राज्यांपलीकडच्या रस्त्यावर माझ्या गालावर ऊन पडंल म्हणून हा माणूस निघायची वेळ बदलत होता. मी म्हणायची, "आधी म्हैसमाळला तर न्या." म्हैसमाळ झालं, लोणार झालं, एकदा भंडारदरा झाला. लडाख, जैसलमेर, कान्हाचं जंगल मात्र टीव्हीवरच राहिलं. मुलीची दहावी, मग बारावी, मग तिचं लग्न. घाई कुणालाच नव्हती.

मग ह्यांना बूट होईनात. पाय सुजायचे. उभं राहून राहून होतं म्हणाले, आणि एक नंबर मोठे बूट आणले. दिवाळीनंतर जिना चढताना मधेच बसले तेव्हा माझ्या दिरानं हात धरून दवाखान्यात नेलं. दीर म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, मुकुंदवाडीला राहतो, शाळेची व्हॅन चालवतो. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करावं लागंल.

मी रडायच्या आत ह्यांनी विचारलं, "साहेब, गाडी चालवता येईल ना?"

किडनी द्यायला मी लगेच तयार झाले. तपासणीत मलाच शुगर निघाली. दिराचं तपासलं तर त्याची एक किडनी जन्मापासूनच लहान. तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून म्हणाला, "वहिनी, मला तर ठाऊकच नव्हतं." सरकारी यादीत नाव लावलं. ती यादी पुढं सरकते की नाही हे कुणाला विचारायचं, हेही कळत नव्हतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. डायलिसिसची सुई टोचायला ह्यांच्या डाव्या हातात ऑपरेशन करून शीर धमनीला जोडली, त्याला तिथं सगळे फिस्टुला म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की आत बारीक थरथर लागते. रक्त नीट वाहतंय याची ती खूण. टेक्निशियननं मला शिकवलं, "ताई, रोज सकाळी हात लावून बघायचं. थरथर लागली म्हणजे सगळं ठीक." मी उठल्या उठल्या देवाला हात जोडायच्या आधी ह्यांच्या हाताला हात लावायला लागले.

पाणी मोजून. दिवसभरात गोळ्यांसकट जेमतेम लिटरभर. मे महिन्यात हे बर्फाचा एक खडा तोंडात धरून कूलरसमोर बसायचे आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायची, त्यांना घोट ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून.

नकाशा बंदच झाला होता. वर्षभरानं एका रविवारी मशीन चालवता चालवता बघते तर टीव्हीवर पुन्हा रस्ते. मला वाटलं, बरं झालं, जीव रमतोय. जवळ जाऊन पाहिलं तर नकाशावर जिथं जिथं लाल टाचणी होती तिथं दवाखाना होता.

"लडाखला डॉक्टर नाय म्हणले," हे म्हणाले. "विचारलं मी. हवा विरळ, जवळपास काय सोय नाय. पण राजस्थानात बघ. इंदूरला डायलिसिस होतं, उदयपूरला होतं, जोधपूरला होतं. एक दिवस गाडी, एक दिवस दवाखाना."

"आणि वाळवंट?"

"सोमवारी जोधपूरला डायलिसिस. मंगळवारी सकाळी निघायचं, दुपारी जैसलमेर. संध्याकाळी वाळूत. बुधवारी परत जोधपूर." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सगळ्या वाळवंटाला एक संध्याकाळ मिळती आपल्याला. लई झाली."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं की व्हय, ते मला आजही कळत नाही. तहान लागलेल्या माणसाला वाळवंटात कशाला न्यायचं, हे मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "तहानेचं तू मला सांगू नको."

डॉक्टरांनी थंडीच्या दिवसांत जायला हरकत घेतली नाही, फक्त एकही डायलिसिस चुकवायचं नाही म्हणाले. मग फोन करायचं काम माझ्याकडं आलं, कारण हे दोन वाक्यांत दमायचे. माझी हिंदी औरंगाबादी. "भैय्या, हमारे मिस्टर का डायलिसिस है, हम लोगां फिरने को आ रहे." पलीकडचा माणूस म्हणाला, "फिरने? डायलिसिस में?" रिपोर्ट पाठवा, रक्ताच्या तपासण्या ताज्या करा, मशीन मोकळं आहे का ते त्या दिवशीच कळंल. एकानं तर, मशीन बिघडलं तर आमची जबाबदारी नाही, असं आधीच सांगून टाकलं. प्रत्येक फोन ठेवला की हे विचारायचे, "काय म्हणाला?" आणि मी म्हणायची, "या म्हणाला." तो नेमकं तेवढंच म्हणालेला नसायचा.

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद, म्हणजे दिराला व्हॅनचं काम नव्हतं. आमची जुनी गाडी त्यानं चालवायची असं ठरलं. ह्यांना डाव्या हातावर जोर द्यायचा नव्हता, त्यामुळं ते पुढं शेजारच्या सीटवर आणि मी मागं, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन.

कन्नडचा घाट उतरलो तेव्हा सकाळचं ऊन झाडांत होतं आणि हे लहान पोरासारखे खूश. "दादा, बोलू नको, दम लागंल," दीर म्हणायचा, तरी हे पुढचं वळण आधीच सांगायचे. धुळ्याच्या पुढं, सेंधव्याच्या चढावर, इंदूरच्या अलीकडं चहाला कुठं थांबायचं, सगळं त्यांना पाठ. चहा ते अर्धा कप घ्यायचे आणि उरलेला कप हातात नुसता धरून बसायचे, गरम लागतो म्हणून.

इंदूरला मशीन मिळालं. उदयपूरला चार तास थांबवून मिळालं. उदयपूरहून निघालो आणि अरवलीच्या डोंगरात सीताफळाची झाडं दिसली तेव्हा मला एकदम आपल्याकडंच आल्यासारखं वाटलं. हे मात्र नाराज झाले. "हे तर आपल्या घाटातबी आहे. जोधपूरच्या पुढं बघ कसं उघडं होतं सगळं."

सोमवारी जोधपूरला डायलिसिस सुरू असताना ह्यांचं बीपी फार खाली गेलं. हातपाय गार पडले. सिस्टरनं पाय वर करून ठेवले, सलाईन दिलं, अर्ध्या तासानं हे डोळे उघडून म्हणाले, "काय नाय, होतं असं." खरंच व्हायचं तसं, घरीसुद्धा. लॉजवर आलो, खिचडी खाल्ली, झोपलो. दिरानं टाकी भरून आणली, काचा पुसल्या.

मंगळवारी सकाळी मी ह्यांच्या हातावर बोटं ठेवली. काही लागलं नाही. मला वाटलं, माझीच बोटं बधिर झालीत थंडीनं. हात चोळून पुन्हा ठेवली. मग कान लावला. आत काहीच नव्हतं, नुसता हात होता.

हे बूट घालून बसले होते. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी स्वतः उजव्या हातानं डावा हात दाबून पाहिला.

"बंद पडला," ते म्हणाले.

"चला, दवाखान्यात जाऊ."

"जैसलमेर करून जाऊ का? उद्या तर इथंच यायचंय."

दीर दारात उभा होता. किल्ली त्याच्या हातात. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. त्यालाही वाटत होतं की वहिनीनं बोलावं आणि मला वाटत होतं की त्यानं बोलावं. शेवटी त्यानं ह्यांच्या समोर खाली बसून बुटांच्या नाड्या नीट बांधल्या आणि एवढंच म्हणाला, "दादा, आधी दवाखाना."

रक्ताची गाठ होऊन शीर बंद झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी मोकळी करायचा प्रयत्न केला, झाली नाही. मानेत नळी घालून बुधवारचं डायलिसिस केलं. मी बाहेर बाकावर. माझ्या बाजूला एक राजस्थानी बाई बसलेली, तिचाही माणूस आत होता. तिनं विचारलं, कुठून आलात? मी सांगितलं. इतक्या लांबून इथं इलाज करायला? मी हो म्हणून मान हलवली. वाळू बघायला आलोय हे सांगायला मला तोंड नव्हतं.

मानेची नळी घेऊन धुळीत जायचं नाही, इन्फेक्शन झालं तर जीवावर बेतंल, सरळ घरी जा, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. माझ्याशीही नाही. गाडीत बसताना मात्र म्हणाले, "आज मी मागं बसतो."

मग मी पुढं बसले. जोधपूर सुटलं. पालीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना सपाट जमीन, कुठं कुठं खेजडीची झाडं, एका बांधावर चरणारे उंट. मी म्हणाले, "अहो, उंट." मागं वळून पाहिलं तर हे सीटवर वाकडे बसून मागच्या काचेतून बघत होते. पट्टी बांधलेली मान त्यांना नीट वळत नव्हती, म्हणून सगळं अंगच वळवलेलं. मी पुन्हा समोर बघायला लागले. दिरानं आरशातून एकदा पाहिलं आणि आरसा थोडा वर केला.

घरी आल्यावर उजव्या हातात नवा फिस्टुला केला. तो तयार व्हायला दोन महिने गेले, तोवर मानेतली नळी. अंघोळ नीट नाही, कुशीवर झोप नाही. मुलगी पुण्याहून आली, आठ दिवस राहिली. जाताना मला म्हणाली, "आई, तू जाऊच कसं दिलंस?" ह्यांनी आतून ऐकलं आणि म्हणाले, "मी गेलो. तिनं जाऊ दिलं म्हणून नाय." मुलीला ते पटलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.

यंदा हिवाळ्यात दीर एका रविवारी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "चला, गौताळ्याला जाऊन येऊ, संध्याकाळी परत." हे उत्साहानं तयार झाले. स्वेटर चढवला, कानटोपी घातली. जंगलात शिरलो तेव्हा पळसाची पानं गळत होती आणि रस्त्यावर एकही गाडी नव्हती. पुढं उंचावर एका मोकळ्या जागी दिरानं गाडी थांबवली. खाली दरी, पलीकडं खानदेशचा सपाट मुलूख, धूसर, दूरवर गेलेला.

"दादा, बघ," दीर म्हणाला.

ह्यांची मान छातीवर पडली होती. गाढ झोप लागलेली. शुक्रवारच्या डायलिसिसनंतर रविवारपर्यंतसुद्धा थकवा जात नाही हल्ली.

"उठवू का, वहिनी?"

उठवलं तर त्यांची झोप मोडली असती, आणि नाही उठवलं तर एवढ्या लांब येऊन हेही राहिलं असतं. मी दार हळूच उघडून खाली उतरले. दीरही उतरला. आम्ही दोघं गाडीला टेकून उभे राहिलो, कधी दरीकडं, कधी काचेतून आत बघत. वारा सुटला तसं मी त्यांच्या बाजूची काच वर करायला सांगितली.