वाढलेली बांगडी

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या डॉक्टरीण शकुनबाई समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत नसत. त्यांची नजर आधी कानांवर जाई, मग भुवयांवर, मग हातांवर. नाव शकुन आणि नजर पडली की अपशकुन, असं बाया त्यांच्या पाठीमागे म्हणत. तोंडावर मात्र पाट मांडून देत.

मूळच्या त्या अकोल्याच्या. नागपूरहून डॉक्टरकी शिकून आल्या तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी आता बाळंतपणं करील आणि घरोघरचे पेढे खाईल. पण बाईंनी धरला कातडीचा रोग. खरूज-नायटे चिवडायला एवढं शिकलीस काय, असं सख्ख्या मामानेच विचारलं. बाईंनी राजापेठेच्या वाटेवर दोन खणांचा दवाखाना थाटला.

रक्तपितीचा, म्हणजे महारोगाचा, चट्टा बायका पदराखाली जन्मभर झाकून ठेवत. पुरुष डॉक्टरला दाखवायची सोय नव्हती, आणि घरात दाखवला तर घरच उरत नसे. म्हणून शकुनबाई स्वतःच दारोदार जात, गजकर्ण झालंय म्हणून ठोकून देत आणि त्या रोगावरची कडू कवठीच्या तेलाची सुई टोचून येत. या खोटेपणाचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही, आणि वाटायचं काही कारणही नव्हतं.

जवळच्याच एका खेड्यात वामनराव म्हणून काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी होते. त्यांची सून सुभद्रा हिच्या दंडावर असाच एक फिकट चट्टा होता. टोचलं तरी तिथे तिला कळत नसे. सुया सुरू झाल्या, चट्टा आटत चालला, आणि नेमकं तेव्हाच सासू पार्बताबाईने ओळखलं. गजकर्णाले सुई कोन टोचते, एवढंच ती म्हणाली.

त्याच दिवशी तिने सुनेचं चार वर्षांचं पोरगं, गोवर्धन, आपल्याकडे ओढून घेतलं. आपल्या ताटात जेवू घालायचं, आपल्याजवळ निजवायचं. आईसाठी तो रडून रडून निळा व्हायचा, पण अंगणापलीकडे वेगळ्या बसवलेल्या तिच्याकडे त्याला कोणी जाऊ देत नसे. संक्रांतीला सुभद्राला बैलांच्या दमणीत घालून वरूडला बापाकडे धाडायचं आणि पोर इथेच ठेवायचं, असं ठरलं. शकुनबाईंनी परोपरीने समजावलं, हा प्रकार लागट नाही, शिवाय बरा होतोय. पार्बताबाईने ऐकून घेतलं आणि पाठ फिरवली. सुभद्राने अन्न टाकलं. मागच्याच साली अशी माहेरी धाडलेली एक पोर विहिरीत सापडली होती, आणि ते प्रेत शकुनबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या जिवाला स्वस्थता कशी असणार?

संक्रांतीला त्या शेवटचं सांगून पाहायला गेल्या. दारात दमणी उभी होती. ओसरीवर कासारीण गंगूबाई बसली होती आणि पार्बताबाईचा हात तिच्या हातात होता. सून तिकडे गाठोडं बांधतेय आणि सासू इकडे बांगड्या भरतेय, हे पाहून शकुनबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बांगडी अडली. कासारणीने जोर केला आणि ती वाढली. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. काचेचा तुकडा अंगठ्याच्या बुडाशी चांगला आत शिरला आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं. पार्बताबाई गाडीवानाला बैल लवकर जुंपायला सांगत होती. तिचं बोलणं मध्ये अडखळलंसुद्धा नाही.

कासारणीने हात सोडून दिला. या रोगात कानाच्या पाळ्या जाड होतात; शकुनबाईंनी पार्बताबाईच्या कानांकडे पाहिलं. त्या जाड, लोंबत्या पाळ्या त्या दर खेपेला पाहत आल्या होत्या आणि सोन्याच्या वजनाने झाल्या असतील म्हणून सोडून देत आल्या होत्या. सगळ्या जगाचे कान तपासणारी बाई इथे साफ फसली होती. त्यांनी पार्बताबाईला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"बाई, दुखलं नाई का तुमाले?"

"काय दुखलं?"

मग तिने स्वतःचा हात पाहिला. तापला तवा बिनफडक्याने उतरवते म्हणून गावभर तिची ख्याती होती, आणि तिला स्वतःलाही त्याचा तोरा होता. हे कधीपासून, असं शकुनबाईंनी विचारलं. सून घरात यायच्या आधीपासून, असं ती म्हणाली आणि बोलता बोलताच थांबली.

"मंग पोरीले हे माह्यापासून लागलं?"

"हो," शकुनबाई म्हणाल्या. सुनेचा प्रकार लागट नव्हता, हिचा होता, आणि तो किती लागट हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. पार्बताबाई जमिनीवर बसली आणि पदराने हाताचं रक्त पुसू लागली.

तेवढ्यात दार ढकलून गोवर्धन आत आला. मुठीतला तिळगूळ आजीला भरवायला तो धावत तिच्या मांडीकडे गेला. पार्बताबाईने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ती भिंतीपर्यंत सरकली. पोरगं भांबावून उभं राहिलं.

"डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "थो माह्याच पदराखाली निजते रोज."

शकुनबाईंनी दमणीचे बैल सोडायला सांगितले आणि सुभद्राला हाक मारली. ती धावतच आली आणि तिने पोराला उचलून छातीशी धरलं. शकुनबाईंनी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि पोराचा सदरा काढायला सांगितला.