मामांचं साखरेचं मशीन

मुलगी पाहायला आलेल्या माणसाचं रक्त काढायची पद्धत आमच्या सौंसरात नव्हती. रामाकोन्यात आहे, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

म्हणजे गावात नव्हती, फक्त मुलीच्या मामांकडे होती. मामा नागपूरला औषधांच्या कंपनीत. बोटातल्या थेंबावरून साखर सांगणारं, तेव्हा नवंच निघालेलं एक परदेशी मशीन कंपनीनं त्यांना 'कसं चालतं ते पाहा' म्हणून दिलेलं. शहाण्या माणसानं ते दवाखान्यात नेलं असतं. मामांनी ते भाचीच्या पाहुण्यांवर चालवलं!

मी शाळामास्तर. याआधी दोन मुलींनी मला नापास केलेलं. "इथं तरी जमव बाप्पा, नाही तं बस कुवारा," असं बाबांनी बसमध्येच बजावलं होतं. म्हणून मी फारच सभ्य वागत होतो. मुलीच्या घरचा संत्र्यांचा बगीचा, फळांचा तोडा चालू. बसल्याबरोबर अख्खं टोपलं आमच्यापुढं पालथं झालं. आमच्या भागात पाहुण्यानं संत्र्याला नाही म्हणणं म्हणजे बगीच्याला नावं ठेवणं. मी सोलत गेलो, खात गेलो आणि चिकट बोटं रुमालाला पुसत गेलो.

"पाव्हने, बोट आना इकडे," मामा म्हणाले.

मी दिलं. कशाला म्हणूनसुद्धा विचारलं नाही. खटकन सुई टोचली, थेंब पट्टीवर पडला. मामा घड्याळाकडे पाहत राहिले, बाकी सगळं घर माझ्याकडे. मग पट्टी पुसून त्यांनी मशीनमध्ये घातली.

"अरे बापरे. पोराले तं साखर हाय."

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. माझं लग्न तिथंच मोडलं होतं. बाबा भडकले. "आमच्या खानदानात कोनाले साखर नाही. माही पाहा."

बाबांनी माझ्यापेक्षा जास्त संत्री हाणलेली. आकडा माझ्याही वर गेला.

"म्हंजे खानदानीच हाय," मामा म्हणाले.

माझ्या हातातला चहा काढून मला फिका चहा दिला गेला. (मी तोही प्यायलो, वर छान झाला म्हणालो.)

"आता तुमचं पाहा," बाबा मामांवर गुरगुरले. मामा तर सकाळपासून सगळ्यांना सोलून देत होते. त्यांचा आकडा आम्हा दोघांच्या डोक्यावरून गेला. मामा बाजेवर आडवे झाले. मामी रडायला लागल्या, "म्या किती डाव म्हटलं, जिलेबी नोका खाऊ."

तेवढ्यात मुलगी दारात आली. "मामा, तुम्ही सगळे संत्री सोलून राहिले. हात धुऊन पाहा ना."

"मशीन फॉरेनचं हाय, तुले काय समजते?" मामा झोपल्या झोपल्या म्हणाले, आणि उठून विहिरीकडे पळाले. हात धुतल्यावर त्यांची साखर उतरली. माझीही उतरली. बाबांनी दुसऱ्यांदा बोट द्यायला साफ नकार दिला.

मामांनी कंपनीला काय कळवलं देव जाणे. आम्हाला मात्र होकार आला. लग्नानंतर मी बायकोला ऐटीत विचारलं, "दोघींनी नाही म्हटलं. तुला माझ्यात असं काय दिसलं?"

"बोट माग्तलं तं बोट देल्लं, फिका चहा देल्ला तं फिका पेला," ती म्हणाली. "म्या म्हटलं, मामाचं मशीन राहू द्या, हा मानूस वापराले सोपा हाय."