खांबाला दोरा

आमच्या सासूबाई, नवसाबाई, मखमलाबादच्या मळ्यात फुलं पिकवत आणि पंचवटीच्या बाजारात हार विकत म्हाताऱ्या झाल्या. हार गुंफताना दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरावं लागतं. आईंचे दोन्ही अंगठे शुगरनं नेले, आधी डावा, मग उजवा. दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशीच ओट्यावर जाऊन बसल्या, सागवानी खांबाला दोरा बांधला आणि म्हणाल्या, "आता ह्योच माझा अंगठा." मला रडू आवरेना. चहाचं निमित्त करून मी आत गेले. पुढं त्या खांबाला दोऱ्यानं चांगली खाच पडली.

नवं घर बांधायला जुनं पाडलं, तेव्हा तो खांब निघून शेडमागं पडला. आमचे हे, ज्ञानेश, आईंचा एकुलता एक मुलगा. माणूस चांगला, पण एकदा डोक्यात घेतलं की कोणाचं ऐकायचे नाहीत. नव्या पोर्चला सिमेंटचे दोन गोल खांब उभे राहिले आणि त्यांना वरून काय लावायचं, याशिवाय घरात दुसरा विषय उरला नाही. टाइल लावायची, काळा दगड की ग्रॅनाइट? मी म्हटलं, "अहो, आईंना विचारा." विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुला आवडंल ते लाव, ज्ञानू." मला याचाच राग येतो. हवं ते तोंडानं सांगायचं नाही आणि आतल्या आत झुरायचं.

शेवटी आम्ही तिघं द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात गेलो. तिथं नमुन्याला ग्रॅनाइटचा एक गोल खांब उभा केला होता. दुकानदार म्हणाला, "मावशी, हात फिरवून बघा. आरसा आहे आरसा." आईंनी कमरेच्या पिशवीतून दोरा काढला, खांबाला बांधला आणि ओढला. गाठ सर्रकन खाली आली. मग त्या शेजारच्या खडबडीत काळ्या दगडाकडे वळल्या. तिथं दोरा जागचा हलला नाही. बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली, तसे हे ओशाळले. "आई, इथं नको ना," म्हणाले. आईंनी दोरा गुंडाळून परत पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर मी यांना चांगलंच झापलं. काळा दगड लावा, नाहीतर त्यांची बसायची जागा जाईल, असं स्पष्ट सांगितलं. हे म्हणाले, "किती दिवस राबवायचं तिला? आता बसून खाऊ दे की." प्रेमानंच म्हणत होते, ते काय मला कळत नव्हतं? पण बसून खायचीच तर त्या बाईला धास्ती होती. ग्रॅनाइट लागलं.

वास्तुशांतीला दाराचं तोरण घरातल्या मोठ्या बाईच्या हातचं लागतं. सकाळी आई झेंडूची पाटी घेऊन नव्या खांबापाशी बसल्या. दोरा बांधला, ओढला, तो घसरला. पुन्हा बांधला. पाहुणे येत होते, गुरुजी आत मांडामांड करत होते. आईंनी दोरा दातात धरून पाहिला. कवळी हलायला लागली, तो सुटला. मान खाली घालून त्या नुसत्याच बसून राहिल्या. त्यांना असं रिकाम्या हातानं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

हे पूजेचं धोतर नेसून बाहेर आले आणि दारातच थबकले. मग आईंसमोर जमिनीवर बसले, पाय लांब केला आणि दोरा स्वतःच्या अंगठ्यात अडकवला. आईंनी तोरण गुंफायला घेतलं. मुहूर्ताची घाई होती, पण गुरुजीही थांबले.

शेवटची गाठ मारून आई हळूच म्हणाल्या, "आज तुझा घेतला, ज्ञानू. उद्या तू कामावर गेल्यावर कोणाचा घेऊ?"

यांचे डोळे भरून आले. पूजा आटोपली तसे हे धोतर खोचून शेडमागं गेले.

आता आमच्या पोर्चमध्ये दोन चकचकीत खांब आहेत, आणि त्यांच्याशेजारी जमिनीत पुरलेला जुना सागवानी खांब. त्याच्यावर छताचा भार नाही, काही नाही. हा मध्येच कशाला, असं पाहुणे विचारतात. हे सांगतात, "आईचा अंगठा आहे तो."